अप्पर वर्ध्याचे पाणी कोणाचे?

पनामा कालव्याला पाणी पुरविणारी गातून आणि अलाहुएला ही दोन्ही सरोवरे मानवनिर्मित आहेत. चाग्रेस नदी अडवून १९१३ मध्ये गातून भरले, खोऱ्यातील गावे उठविली गेली. १९३५ मध्ये वरच्या अंगाला मॅडन धरण झाले. एक जहाज पार होताना सुमारे वीस कोटी लिटर गोडे पाणी खर्ची पडते. साम्राज्यशाहीचा हा व्यवहार निर्दय खराच. पण तळे जहाजांसाठी आहे, हे तिने लपविले नाही.

वऱ्हाडात तेवढा उघडेपणाही आढळत नाही. मोर्शी तालुक्यात सिंभोऱ्याजवळ अप्पर वर्धा धरण उभे राहिले ते कोरडवाहू शेतकऱ्याच्या नावाने. जलाशयाला नाव मिळाले नल-दमयंती सागर! राज्य गमावून वनात गेलेल्या जोडप्याचे हे नाव विस्थापितांनाच अधिक शोभले असते. पुढे याच धरणातून नांदगाव पेठच्या खासगी औष्णिक वीज प्रकल्पाला वर्षाकाठी ८.७६ कोटी घनमीटर पाणी मंजूर झाले. मंजुरी दिली मंत्र्यांच्या उच्चाधिकार समितीने. पाणीवाटप जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाने करावे, असे २००५ चा कायदा सांगत होता. शेतकरी रस्त्यावर उतरले, न्यायालयात गेले. तेव्हा सरकारने २०११ मध्ये कायदाच दुरुस्त केला, वाटपाचा अधिकार मंत्रिमंडळाकडे घेतला आणि जुन्या मंजुऱ्यांना संरक्षण दिले. चोरी पकडली गेल्यावर चोरीची व्याख्या बदलण्याचाच हा प्रकार होता.

वीज नको काय, असा प्रश्न आम्हाला विचारला जातो. वीज हवी; पण सिंचनाचा अनुशेष दांडेकर समितीने १९८४ मध्येच मांडून दाखविला असताना अमरावती-अकोल्याच्या शेतकऱ्याने आपल्या वाट्याचे पाणी का सोडावे? औष्णिक केंद्रासाठी शहराचे सांडपाणी शुद्ध करून वापरता येते. कापसाला दुसरा पर्याय नाही.

ज्यांची जमीन बुडाली त्यांची दाद तर मंत्रालयातच लागत नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये अप्पर वर्ध्याच्या प्रकल्पग्रस्तांनी तेथील संरक्षक जाळीवर उड्या घेतल्या, तेव्हा कोठे राजधानीला त्यांची आठवण झाली.

आता वैनगंगा-नळगंगा जोडकालव्याला २०२४ मध्ये राज्य सरकारने मंजुरी दिली आहे. तो अमरावती, अकोला ओलांडून बुलढाण्याला जाणार आहे आणि पुन्हा शेतकऱ्याचेच नाव पुढे केले जात आहे. पहिली कुदळ पडण्यापूर्वी शेतीचा वाटा घनमीटरात कायद्यात लिहा, तो ग्रामसभांच्या संमतीवाचून कोणालाही वळविता येणार नाही असे कलम घाला, अशी मागणी कार्यकर्त्यांनी गावोगावच्या ठरावांतून आताच पुढे रेटली पाहिजे.