प्रश्न विचारणाऱ्या लेकींना आवरू नका, सावरा!

पेठ वडगावच्या आमच्या वस्तीतील काही ज्येष्ठ मंडळी मध्यंतरी आमच्याकडे आली. तक्रार होती वस्तीतल्याच एका एकोणीस वर्षांच्या लेकीबद्दल. ‘वकीलताई, तिला जरा समजावा. पोरींना गोळा करते आणि पाळीचं, अंगावरून जाण्याचं, निरोधचं बोलते. वस्तीची अब्रू जाते.’

या लेकीचा गुन्हा काय? तर ती ‘पिअर एज्युकेटर’ झाली आहे. म्हणजे आपल्याच वयाच्या मुलींना शरीराची, पाळीची, गर्भनिरोधाची आणि गुप्तरोगांची खरी माहिती देणारी मैत्रीण. तिच्या जोडीला शेजारच्या मोहल्ल्यातील एक मुस्लिम मुलगी आहे. हे काही या दोघींच्या डोक्यातून निघालेले खूळ नव्हे. ७ जानेवारी २०१४ रोजी केंद्र सरकारने सुरू केलेल्या राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमातच गावोगावी अशी मुले-मुली तयार करण्याची तरतूद आहे.

प्रामाणिकपणे सांगतो, त्या दिवशी आम्हीही तिला म्हणालो, ‘बाळ, जरा दमानं घे.’ तेव्हा तिने तिच्या एका मैत्रिणीची हकीकत सांगितली. त्या मुलीला सहा महिने अंगावरून जाण्याचा आणि जळजळीचा त्रास होता. एका दवाखान्यात गेली तर सगळ्यांदेखत मोठ्याने प्रश्न आला, ‘लग्न झालंय का?’ पोरगी खाली मान घालून तशीच परतली. मग कुणी सांगितलेल्या गोळ्या, कुणी सांगितलेला अंगारा. शेवटी या दोघी तिला सोबत घेऊन दुसऱ्या डॉक्टरांकडे गेल्या. निघाला साधा जंतुसंसर्ग! आठवड्याच्या औषधाने ती बरी झाली. ‘ताई, मी दमानं घेतलं असतं तर तिनं अजून किती महिने सोसायचं?’ या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर नव्हते.

ज्यांना हा विषय चळवळीबाहेरचा वाटतो त्यांनी १९३४ साल आठवावे. र. धों. कर्वे यांच्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकात वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना उत्तरे छापली जात. त्यावर अश्लीलतेचा खटला भरला गेला. मुंबईच्या कोर्टात कर्व्यांच्या बाजूने वकील म्हणून उभे राहिले ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर! लोक प्रश्न विचारत असतील तर जाणकाराने उत्तर द्यायचे नाही काय, हा त्यांच्या बचावाचा गाभा होता. कर्व्यांना दोनशे रुपये दंड झाला. खटला हरला, पण बाबासाहेब हटले नाहीत. नोव्हेंबर १९३८ मध्ये मुंबई विधिमंडळात त्यांच्या वतीने पी. जे. रोहम यांनी संततिनियमनाचा ठराव मांडला. तोही फेटाळला गेला. २० जुलै १९४२ रोजी नागपूरच्या महिला परिषदेत लग्नाची घाई करू नका, जास्त मुले होऊ देऊ नका, असे बाबासाहेबांनी आपल्या आयाबहिणींना उघड व्यासपीठावरून सांगितले. मग त्यांच्याच नातीने आज तेच सांगितले तर आमची अब्रू कशी जाते?

ज्येष्ठांची भीती आम्हाला कळत नाही असे नाही. जातीवाद्यांनी आमच्या बायकांच्या चारित्र्यावर पिढ्यान्‌पिढ्या चिखल उडवला. मुस्लिम भगिनींवरही बाहेरच्यांची तीच नजर आहे. म्हणून दोन्ही वस्त्या आपल्या लेकींना अधिकच झाकून ठेवतात. पण बंधुभगिनींनो, झाकल्याने रोग बरा होत नाही आणि अत्याचारही थांबत नाही. गप्प बसणाऱ्या मुलीला फसवणे सोपे असते, एवढेच. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्के जणींचे लग्न अठराच्या आत झालेले होते. या लेकींना संसार ‘कळतो’, शरीर मात्र ‘कळू नये’, हा कुठला न्याय?

आपल्यातलीच बाई आपल्याला सांगते तेव्हा काय घडते, हे पाहायला लांब जायला नको. शेजारच्या सांगलीत १९९२ पासून ‘संग्राम’ संस्थेच्या साथीने वेश्याव्यवसायातील स्त्रियांनीच एकमेकींना एड्सपासून बचाव शिकवला. पुढे त्यांनीच ‘वेश्या अन्याय मुक्ती परिषद’ उभी केली. ज्यांना समाजाने माणसात धरले नाही, त्या आपल्या हक्कांसाठी बोलू लागल्या. ज्ञान हातात आले की माणूस ताठ उभा राहतो. सावित्रीमाईंचा धडा याहून वेगळा होता काय?

आता कायद्याचे. अठरा पूर्ण झालेल्या स्त्रीला गर्भपातासाठी नवऱ्याची किंवा बापाची सही लागत नाही. तिचे नाव गुप्त ठेवणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे. अविवाहित स्त्रीलाही हा हक्क समान आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर २०२२ रोजी स्पष्ट केले. मात्र अठराखालील मुलीवर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळले तर २०१२ च्या पोक्सो कायद्याने पोलिसांना खबर देणे भाग आहे. म्हणून अशा कार्यकर्तीने ‘कुणालाच सांगणार नाही’ असे वचन आधीच देऊ नये. औषध तिने देऊ नये. माहिती द्यावी, डॉक्टरांपर्यंत सोबत करावी. एकोणीस वर्षांच्या पोरीवर हा भार एकटीने टाकणे मात्र अन्यायच आहे. तिथे आमच्यासारख्या वकिलांनी उभे राहिले पाहिजे.

म्हणून आम्ही त्या ज्येष्ठांना परत बोलावले आणि हात जोडून तीन गोष्टी मागितल्या. महिन्यातून एक रविवार दुपारी विहाराची खोली या मुलींसाठी उघडी ठेवा. मोहल्ल्यातल्या जाणत्यांनाही आम्ही हेच विनवू. दोन मोठ्या बायकांनी तिथे नुसते बसावे, म्हणजे उद्या कुणी बोट दाखवले तर ते आधी त्यांच्याकडे वळेल. आणि मुलांसाठीही एक तरुण पुढे यावा, कारण शहाणपण फक्त मुलींनीच शिकायचे नसते. एक आजोबा बराच वेळ गप्प होते. उठताना म्हणाले, ‘माझी नात पण बसंल.’

याच हातकणंगले तालुक्यातील माणगावात मार्च १९२० मध्ये शाहू महाराज आणि बाबासाहेब एका व्यासपीठावर आले. त्या मातीतल्या वस्त्यांनी आपल्या लेकीच्या प्रश्नांना घाबरावे काय? विहाराची किल्ली तिच्या हातात द्या.

जय भीम!