वॉकीटॉकीवर 'लायसन्स फ्री' लिहिलंय, म्हणजे तो कायदेशीर आहे का?

गणपती मंडळांचे कार्यकर्ते, सोसायटीचे वॉचमन, लग्नातले इव्हेंटवाले, मोबाइलला रेंज नसलेल्या घाटवाटांवर फिरणारे ट्रेकिंग ग्रुप. या सगळ्यांच्या हातात गेल्या काही वर्षांत जाड अँटेनाचा काळा हँडसेट सर्रास दिसू लागला आहे. ऑनलाइन ऑर्डर केली की तो घरपोच मिळतो, आधार कार्डही कुणी मागत नाही. पण असा हँडसेट वापरणं तर सोडाच, नुसता जवळ बाळगणंही नियमभंग ठरू शकतं, हे विकत घेणाऱ्यांपैकी फार थोड्यांना माहीत असतं.

हा विषय मे २०२५ मध्ये चर्चेत आला. पहलगाम हल्ल्यानंतर भारत-पाकिस्तान तणाव टिपेला पोहोचला होता. त्याच दिवसांत केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं अॅमेझॉन, फ्लिपकार्ट, मीशो, फेसबुक यांच्यासह १३ प्लॅटफॉर्मना नोटिसा पाठवल्या. परवाना लागतो की नाही, कोणत्या फ्रिक्वेन्सीवर चालतो, सरकारी मान्यता आहे का, यातलं काहीही न सांगता वॉकीटॉकी विकले जात असल्याचा आक्षेप होता. अशा १६,९७० लिस्टिंग सापडल्याचं तेव्हा सांगण्यात आलं. महिनाअखेरीस प्राधिकरणानं अशा विक्रीसाठी स्वतंत्र मार्गदर्शक तत्त्वंच जाहीर केली.

परवाना आणि मान्यता, दोन्ही वेगळ्या गोष्टी

सगळा घोळ इथेच आहे.

भारतात १९३३ च्या वायरलेस टेलिग्राफी कायद्यानं उपकरणाच्या वापरावर नव्हे, तर ते बाळगण्यावरच परवान्याची अट घातली. २०२३ च्या दूरसंचार कायद्यानंही हेच तत्त्व कायम ठेवलं: रेडिओ उपकरण जवळ असेल तर एकतर अधिकृत परवानगी हवी, नाहीतर सरकारनं दिलेली सूट हवी.

मग आपल्या कानातल्या ब्लूटूथ इअरबड्सचं काय? तेही रेडिओ उपकरणच आहे. ते चालतात कारण २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा २००५ मध्ये ठरावीक शक्तीच्या मर्यादेत परवानामुक्त करण्यात आला. घरातलं वायफायही याच सवलतीवर सुरू झालं.

पण वापरणाऱ्याला परवाना लागत नाही, याचा अर्थ उपकरणाला तपासणी लागत नाही असा होत नाही. दूरसंचार विभागाची वायरलेस नियोजन आणि समन्वय शाखा, म्हणजे डब्ल्यूपीसी, प्रत्येक मॉडेलसाठी 'इक्विपमेंट टाइप अॅप्रूव्हल' देते. बोली भाषेत 'ईटीए'. प्रयोगशाळेच्या अहवालावरून हे उपकरण सांगितलेल्याच पट्ट्यात आणि सांगितलेल्याच शक्तीनं प्रक्षेपण करतं का, हे त्यात पाहिलं जातं. परवानामुक्त पट्ट्यातल्या अनेक उपकरणांसाठी उत्पादक किंवा आयातदाराला सरल संचार पोर्टलवर स्वयंघोषणा करून हे प्रमाणपत्र मिळतं. ते मॉडेलचं असतं, ग्राहकाला काही करावं लागत नाही. पण ते असायलाच हवं.

खोक्यावर सीई किंवा एफसीसीची खूण असली तरी ती युरोप आणि अमेरिकेच्या नियमांसाठी असते. भारतात तिच्यानं ईटीएची जागा भरून निघत नाही. बीआयएसचा नोंदणी क्रमांकही वेगळा. तो मुख्यतः विद्युत सुरक्षेशी संबंधित असतो.

४४६ चा आकडा

वॉकीटॉकीसाठी २०१८ च्या नियमांनी ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ हा चिंचोळा पट्टा कमी शक्तीच्या वापरासाठी परवानामुक्त केला. मात्र अनेक स्वस्त हँडसेट ४०० ते ४७० मेगाहर्ट्झमध्ये कुठेही लावता येतात. कॉम्प्युटरला केबल जोडली की चॅनल बदलता येतं. म्हणजे उपकरण ४४६ वर चालू 'शकतं', पण तेवढ्यावर थांबत नाही. पोलीस, आपत्कालीन सेवा आणि रीतसर परवाना घेतलेल्या कंपन्यांचे संदेशही याच्या आसपासच्या लहरींवर असू शकतात. मिरवणुकीच्या बंदोबस्तात मंडळाच्या कार्यकर्त्यानं बटण दाबलं आणि पोलिसांच्या संदेशात खरखर आली, तर त्यात कार्यकर्त्याचा हेतू वाईट असायची गरज नाही.

अमेरिकेहून नातेवाइकांनी आणलेल्या जोडीचा घोटाळा आणखी वेगळा. तिथे सामान्य ग्राहकांसाठीची परवानामुक्त सेवा ४६२ आणि ४६७ मेगाहर्ट्झच्या आसपास चालते. खोक्यावर 'लायसन्स फ्री' छापलेलं असतं आणि ते खरंही असतं, फक्त तिकडे. भारतात ती फ्रिक्वेन्सी या सवलतीत बसत नाही. युरोपातली तशीच सेवा मात्र ४४६ वर आहे, त्यामुळे तिकडचा हँडसेट निदान पट्ट्याच्या बाबतीत जुळतो. ईटीएचा प्रश्न उरतोच.

'१० किलोमीटर रेंज' या दाव्याकडेही संशयानंच पाहावं. या लहरी साधारण नजरेच्या रेषेत जातात. कळसूबाईच्या माथ्यावरून समोरच्या डोंगराशी बोलता येईल, पण दादरच्या इमारतींमधून तेवढं अंतर कापणं अत्यंत कमी शक्तीच्या हँडसेटला जमत नाही. गर्दीच्या शहरातही लांब पल्ल्याची हमी कुणी देत असेल, तर एकतर दावा फुगवलेला आहे किंवा हँडसेटची शक्ती मर्यादेबाहेरची आहे.

दंड कुणाला?

जानेवारी २०२६ मध्ये प्राधिकरणानं आठ प्लॅटफॉर्मना मिळून ४४ लाखांचा दंड ठोठावला. चार मोठ्यांना प्रत्येकी १० लाख. आकडा किरकोळ वाटतो, आणि या कंपन्यांच्या उलाढालीपुढे तो आहेच. पण दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल पहिल्या वेळी कायद्यानं तेवढीच कमाल मर्यादा घातली आहे. पुढच्या वेळी ती ५० लाखांपर्यंत जाते. 'आम्ही फक्त मध्यस्थ, माल विक्रेत्याचा' हा बचाव इथे चालला नाही, हे रकमेपेक्षा महत्त्वाचं.

तरी एक बाजू उघडी राहते. नवी तत्त्वं ई-कॉमर्सपुरती आहेत. बाजारातल्या दुकानातून किंवा भाड्यानं घेतलेल्या संचाला मूळ वायरलेस कायदा लागू आहेच, पण तिथे लिस्टिंगवर लक्ष ठेवणारं कुणी नाही.

त्यामुळे खरेदी असो वा भाडं, विक्रेत्याला दोन गोष्टी लेखी विचाराव्यात: हँडसेट नेमक्या कोणत्या फ्रिक्वेन्सीवर चालतो आणि याच मॉडेलचा ईटीए क्रमांक काय. उत्तर ४४६.० ते ४४६.२ च्या बाहेरचं असेल, तर परवाना लागणार. आधीच घेतलेल्या आणि कपाटात पडलेल्या संचांनाही हीच कसोटी लागू होते.