पाण्याची चौकशी

डोंगर आणि वाळवंट पाहावयास निघालेल्या प्रवाशांचे ढोबळमानाने दोन वर्ग पडतात: देखावा पाहणारे आणि पाणी पाहणारे. पहिल्या वर्गाची संख्या अफाट असून त्याच्या हाती कॅमेरा असतो. दुसऱ्याच्या हाती बहुधा गळाची काठी असते, आणि आमच्या सुशिक्षित समाजात, विशेषतः मासे न खाणाऱ्या घरांत, ही काठी म्हणजे आळशी व काहीशा निर्दय मनुष्याचे लक्षण समजले जाते. या समजुतीशी मी सहमत नाही. कॅलिफोर्नियात स्थायिक झालेले आमच्या परिचयाचे एक मराठी दांपत्य नोकरीतून मुक्त झाल्यापासून दर ऑक्टोबरात तंबू, शेगडी आणि गळाचे सामान गाडीत टाकून सिएरा नेवाडाच्या पलीकडील ओसाड मुलखात भटकंतीस जाते; आणि त्यांच्या गोष्टी ऐकून, निसर्गाची खरी चौकशी करणारा प्रवासी हा गळ टाकणाराच असतो, अशी माझी खात्री झाली आहे.

त्यांचा मार्ग ९,९४३ फूट उंचीच्या टायोगा खिंडीतून जातो. पॅसिफिकवरून आलेले ढग आपले ओझे पर्वताच्या पश्चिम उतारावरच रिते करीत असल्यामुळे खिंड ओलांडताच सूचिपर्णी वृक्षांचे राज्य संपून राखट झुडुपांचा अंमल सुरू होतो. हा उतार इतका आकस्मिक की, व्हिटनी हे १४,५०५ फुटांचे शिखर आणि समुद्रसपाटीखाली २८२ फूट असलेला मृत्यू-दरीचा (डेथ व्हॅलीचा) तळ ही दोन्ही सरळ रेषेत शंभर मैलांच्या आत सापडतात. अशा प्रदेशात जेथे पाणी आहे तेथे ते कोणाचे तरी आहे, आणि जेथे नाही तेथून ते कोणीतरी नेलेले असण्याचा पुष्कळ संभव आहे. ओवेन्स सरोवर आटले ते काही दैवी कोपाने नव्हे. १९१३ साली लॉस एंजेलिस शहराने बांधलेल्या कालव्याने त्याची नदी दूर नेली.

खिंड उतरताच लागणारे मोनो सरोवर इतके खारट आहे की त्यात मासा जगत नाही. तथापि ते वाचले ते अंशतः माशांमुळेच. या सरोवरास मिळणारे ओढे १९४१ पासून त्याच शहराने वळविले आणि पातळी सुमारे पंचेचाळीस फूट उतरली. पुढे ऐंशीच्या दशकातील अतिवृष्टीत त्यांपैकी रश ओढ्यावरचे धरण भरून वाहिले, त्या कोरड्या पडलेल्या ओढ्यात पुन्हा ट्राउट मासे खेळू लागले, आणि शहर पाणी पुनश्च तोडू पाहत आहे असे ध्यानी येताच गळवाले न्यायालयाची पायरी चढले. धरणाच्या मालकाने खालच्या अंगाचे मासे सुस्थितीत राहतील एवढे पाणी सोडलेच पाहिजे, असे कॅलिफोर्नियाच्या कायद्यातील एक कलम कित्येक वर्षे दप्तरात धूळ खात पडले होते. ते त्यांनी झटकून बाहेर काढले. पक्षिप्रेमींनी स्वतंत्रपणे चालविलेल्या दाव्यात १९८३ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने असे जलाशय ही सरकारने जनतेसाठी सांभाळावयाची ठेव आहे हे तत्त्व मान्य केलेच होते. अखेरीस १९९४ साली राज्याच्या जलमंडळाने पातळी ६,३९२ फुटांपर्यंत चढविण्याचा हुकूम दिला. ती पातळी अद्याप गाठली गेलेली नाही, हे मात्र खरे. सरोवरातील चुनखडीच्या मनोऱ्यांची छायाचित्रे लक्षावधी लोकांनी घेतली असतील, परंतु ओढ्यात पाणी आहे की नाही हे ज्याला ठाऊक असणे भाग होते, तो गळवालाच.

बिशप गावाजवळच्या पाणथळीची हकीकतही पाणी पाहणाऱ्याचीच आहे. तेथे १९६९ साली फिल पिस्टर या सरकारी मत्स्यशास्त्रज्ञाने, आटत चाललेल्या डबक्यातून एका संपूर्ण जातीचे शिल्लक राहिलेले सुमारे आठशे मासे दोन बादल्यांत भरून सुरक्षित पाण्यात नेले. बोटाच्या दोन पेरांएवढ्या माशासाठी एवढी यातायात कशाला, असे विचारणारे तेव्हाही होते.

याचा अर्थ गळवाले निर्दोष आहेत असा नाही. सिएराच्या उंचावरील बहुतेक तळ्यांत मुळात मासे नव्हतेच. हौशी लोकांच्या सुखासाठी प्रथम खेचरांच्या पाठीवरून आणि पुढे विमानांतून ट्राउटची पिल्ले तेथे सोडली गेली, आणि पिवळ्या पायांच्या स्थानिक बेडकांचा त्यांनी फडशा पाडला. आता राष्ट्रीय उद्यानांचे अधिकारी काही तळ्यांतून जाळी लावून तेच मासे काढीत आहेत. हे योग्य आहे असे मला वाटते, आणि आमच्या स्नेही बाईंनाही. त्यांच्या यजमानांना मात्र अजून पुरते पटलेले नाही, आणि त्या वादात रात्रीच्या शेकोटीची बरीच लाकडे जळतात असे ऐकतो.

प्रवासाचा शेवट नेवाडातील पिरॅमिड सरोवरावर होतो. हे सरोवर पायूट जमातीच्या मालकीच्या मुलखात असल्यामुळे परवाना जमातीकडूनच घ्यावा लागतो. राज्याचा परवाना येथे निरुपयोगी. यजमान त्या शुल्काबद्दल कुरकुरतात, परंतु मला ती कुरकुर मुळीच मंजूर नाही. ज्या नदीवर हे सरोवर जगते, तिचे पाणी १९०५ सालच्या डर्बी बंधाऱ्याने शेतीकडे वळविले आणि तेथील राक्षसी ट्राउट, ज्यातील एक मासा १९२५ साली एक्केचाळीस पौंड भरला होता, पुढे सरोवरातून नाहीसा झाला. या जमातीने पाण्यासाठी दशकानुदशके दावे लढविले, मासे वाढविण्याची केंद्रे चालविली, आणि दूरच्या एका डोंगरी झऱ्यात त्याच वाणाची उरलेली वस्ती सापडल्यावर २००६ पासून तिची पिल्ले पुन्हा या पाण्यात सोडली गेली. येथे आमिष म्हणून खरा चारा चालत नाही, आणि गळाच्या टोकामागची उलटी नखी असू नये असा नियम आहे. म्हणून बाई आदल्या रात्री कंदिलाच्या उजेडात एकेक गळ पकडीने चेपून घेतात, मग कापसाच्या बोळ्यावर ओढून पाहतात, आणि धागा अडकला की पुन्हा चेपतात. सकाळी पाण्यात शिडी रोवून, तिच्या वरच्या पायरीवर उभे राहून गळ फेकावयाचा, ही तेथील रीत. मोठे मासे किनाऱ्याचे उथळ पाणी जेथे एकदम खोल होते त्या कडेने फिरतात, आणि थंडगार पाण्यात कंबरेइतके उभे राहण्यापेक्षा शिडी बरी, एवढाच त्यामागचा हेतू.

आपल्याकडेही हल्ली धरणाच्या फुगवट्याकाठी रांगेने तंबू ठोकले जातात. तेथे उतरलेल्यांपैकी धरणाच्या भिंतीखाली उतरून उन्हाळ्यात पात्रात काय उरले आहे हे पाहणारा एखादा विरळाच, आणि तेथील भोई कोळ्यांना ते विचारणारा त्याहून विरळा. धरणाखालच्या माशांपुरते पाणी सोडावयास लावणारे कॅलिफोर्नियातले ते कलम मराठीत आणण्यास विधिमंडळाला फारसे श्रम पडू नयेत.