आधी आपलं, मग दुसऱ्याचं?

आपल्या राज्याच्या मूल्यशिक्षणात जी दहा मूल्यं आहेत त्यांत 'सर्वधर्मसहिष्णुता' हे एक. परिपाठाला रांगेत उभी राहून लेकरं ते खणखणीत आवाजात म्हणतात. सहन कुणाला करायचं, ते धर्म कोणते, त्यांची माणसं काय मानतात, हे मात्र त्यांना सांगितलेलं नसतं. सहावीच्या इतिहासात धार्मिक प्रवाहांचा एक धडा येतो आणि जैन, बौद्ध, ज्यू, ख्रिश्चन, इस्लाम, पारशी असे सगळे त्यात थोड्या पानांत उरकले जातात. तोवर पोरगं अकरा वर्षांचं झालेलं असतं.

ही ओळख पहिली-दुसरीतच सुरू करावी, आणि तीही पुस्तकाऐवजी आपल्याच भागातल्या जागा दाखवून, असं माझं म्हणणं आहे. मुदखेडसारख्या गावात हे बोललं की पहिलं उत्तर ठरलेलं: "आधी आपलं तर पक्कं होऊ द्या. एवढ्याशा जिवाचा गोंधळ कशाला करता?"

हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. घरात हरिपाठ चालतो, आजोबा माळकरी आहेत, लेकराला ते वळण लागावं असं वाटण्यात गैर काही नाही. गोंधळाची भीतीही खरी असू शकते. चूक आहे ती यामागच्या गृहीतात. आपण सांगितलं नाही तर लेकराला दुसऱ्या धर्माची ओळख होणारच नाही, असं हे पालक धरून चालतात. ती झालेली असते. मराठवाड्यातल्या हिंदू घरात इस्लामची पहिली ओळख बहुधा निजामाच्या काळातल्या रझाकारांच्या गोष्टीतून होते. गोष्ट खोटी नाही, लोकांनी ते भोगलं आहे. पण सप्टेंबर 1948 मध्ये निजामाच्या हैदराबाद संस्थानावर पोलीस कारवाई झाली आणि त्यानंतर मुसलमान वस्त्यांवर जे गुदरलं त्याची पाहणी करायला पंडित सुंदरलाल समिती आली. सर्वाधिक झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत तिने उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर यांच्याबरोबर नांदेडचंही नाव घातलं. त्या घरांतल्या नातवंडांनीही आजोबांकडून काहीतरी ऐकलंच असणार. म्हणजे एकाच वर्गात, एकाच बाकावर दोन लेकरं बसतात आणि दोघांनाही शेजाऱ्याच्या धर्माबद्दल ठाऊक असते ती फक्त मारामारी. वरून हातात मोबाईल आलेला. 'आधी आपलं पक्कं होऊ द्या' म्हणून थांबणारा बाप ही ओळख करून देण्याचं काम त्या मोबाईलवर सोपवतो, एवढंच.

आणि आपलं म्हणजे तरी काय? नर्सीच्या नामदेवांची 61 पदं शिखांच्या गुरू ग्रंथ साहिबात आहेत. त्याच ग्रंथात शेख फरीद आहेत, कबीर आहेत. 1708 साली गुरू गोविंदसिंगांनी देह ठेवण्यापूर्वी गुरुपद या ग्रंथाकडे सोपवलं, तेही नांदेडात, आपल्यापासून वीस-पंचवीस किलोमीटरवर. माळकरी आजोबांना नामदेव नातवापर्यंत पोचवायचे असतील तर हे नामदेव नांदेडच्या हजूर साहिब गुरुद्वाऱ्याच्या दारापर्यंत येतात, पुढे पंजाबात घुमानला जातात. वाटेतच त्यांना अडवून 'हे आपले, पुढचे त्यांचे' असं सांगणं म्हणजे नामदेवांनाच अर्धं करून टाकणं.

दुसरा आक्षेप शिकलेल्या, विवेकवादी मित्रांचा असतो. धर्म शाळेच्या फाटकाबाहेर ठेवा. मूल मोठं होईल, हवं तर निवडेल, नको तर टाकेल. त्यांना निजामाच्या राज्याचा दाखला आठवतो, आणि तो बिनतोड आहे. उस्मानिया विद्यापीठात मुसलमान विद्यार्थ्यांना 'दीनियात' सक्तीचं होतं आणि इतरांना 'अखलाकियात', म्हणजे नीतीचा विषय. धर्माच्या नावानं विद्यार्थी वेगळे बसवायचे, ज्याला त्याला ज्याचं त्याचं द्यायचं. असं पुन्हा कुणाला नकोच आहे. मी मागतो ते याच्या नेमकं उलट आहे: सगळी लेकरं एकाच वर्गात, आणि सगळ्यांना सगळ्यांबद्दल. संविधानानेही हा फरक केला आहे. सर्वस्वी सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धर्मोपदेश देता येणार नाही, असं कलम 28 सांगतं. पण धर्मांविषयी माहिती देणं म्हणजे धर्मोपदेश नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने 2002 साली अरुणा रॉय खटल्यात स्पष्ट केलं. कोठारी आयोगानेही 1966 मध्ये प्रमुख धर्मांची निवडक माहिती शाळेत द्यावी असंच सुचवलं होतं. राहिला फाटकाचा प्रश्न. सप्ताहाचा भोंगा, अजान आणि भीमजयंतीची मिरवणूक हे तिन्ही शाळेच्या खिडकीतून आत येतातच. तेव्हा वर्गात लेकरू "हे काय?" विचारतं आणि गुरुजी "गप बस, गणित सोडव" म्हणतात. यातून वैज्ञानिक दृष्टिकोन कसा वाढतो, ते या मित्रांनी एकदा समजावून सांगावं.

मला सर्वांत जास्त अडचण होते ती मात्र माझ्या बाजूच्याच लोकांची. ते म्हणतात, अगदी बरोबर, लहानपणीच सांगा, कारण सगळे धर्म शेवटी एकच सांगतात. मुदखेडचा गुलाब देवळातही जातो आणि दर्ग्यावरही जातो, हे वाक्य एकात्मतेच्या भाषणात हमखास टाळी घेतं. घेवो. गुलाबाला काही कळायचं नसतं, लेकराला कळायचं असतं. आणि सगळे धर्म एकच सांगत नाहीत. मुसलमान ईश्वराची मूर्ती करत नाही. शीख ग्रंथाला गुरू मानतो. बौद्ध आणि जैन जगाचा कर्ता असा देवच मानत नाहीत. दशावताराच्या अनेक चित्रांत नववा अवतार म्हणून बुद्ध बसवलेला असतो. 14 ऑक्टोबर 1956 ला बाबासाहेबांनी नागपुरात धम्मदीक्षेवेळी दिलेल्या 22 प्रतिज्ञांत, बुद्ध विष्णूचा अवतार आहे हे मी मानत नाही, अशी स्वच्छ प्रतिज्ञा आहे. त्या प्रतिज्ञा घेतलेल्या घरातून आलेल्या मुलीसमोर 'सगळं एकच' म्हणणं हा तिच्या आजीने केलेल्या निवडीचा अपमान आहे. गोड बोलून केलेला, इतकंच.

इथे एक कबूल केलं पाहिजे. 1978 मध्ये मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याच्या ठरावानंतर नांदेड जिल्ह्यातल्या खेड्यांत दलित वस्त्या पेटवल्या गेल्या. पेटवणाऱ्यांना शाळेत धम्माचा धडा असता तर ते थांबले असते, असं मी म्हणणार नाही. तो जातीचा आणि सत्तेचा मामला होता. माहितीने दंगल थांबत नाही. पण त्या पिढीला शेजारची वस्ती देव का सोडते, हे कधी कुणी सांगितलंच नव्हतं. अफवेला मोकळं रान मिळतं ते तिथे.

मग करायचं काय? फार काही नाही. हजूर साहिबला न्यावं. डोकं झाकायचं, पाय धुवायचे, लंगरात पंगतीत बसायचं. सात वर्षांच्या पोराला पंगत कळते. कोण कुठला हे न विचारता हे सगळे एकत्र का जेवतात, एवढा एकच प्रश्न त्या दिवशी पुरे. अर्धापूर तालुक्यात दाभडला बावरीनगरचं महाविहार आहे. तिथे बुद्धाची मूर्ती पाहून लेकरू विचारील, "हा देव आहे का?" नाही म्हणून सांगा. "मग हात का जोडतात?" हा त्याचा पुढचा प्रश्न अख्ख्या धड्यापेक्षा मोलाचा आहे. कंधारला हाजी सय्याह यांचा दर्गा आहे. तिथे नवस बोलायला हिंदूही येतात हे दाखवा, आणि दर्ग्यावर जाणं सगळ्याच मुसलमानांना मान्य नाही, हेही लपवू नका. धर्माच्या पोटातही भांडणं असतात, हे लेकराला जितक्या लवकर कळेल तितकं बरं. 'ते असं मानतात' एवढंच बोलावं. 'तसं असतं' किंवा 'तसं नसतं' म्हणू नये. आपल्या धर्माबद्दल सांगतानाही हाच नियम. शिक्षकाला खरं अवघड जातं ते इथेच.

यानेही गोंधळ होईल? होईल, थोडा. दोन भाषा ऐकणारं लेकरूही आधी थोडं गडबडतं, मग दोन्ही बोलतं. मुदखेडहून एक रेल्वेमार्ग सिकंदराबादला आणि एक आदिलाबादला जातो, त्यामुळे मराठीबरोबर तेलुगूही कानावर पडणाऱ्या आपल्याकडच्या घरांना हे नव्याने सांगायला नको.

आपल्या भागातल्या शाळांच्या सहली वेरूळला जातात. तिथे 34 लेण्यांपैकी पहिली बारा बौद्ध, मधली सतरा हिंदू आणि शेवटची पाच जैन. बहुतेक पोरं सोळावं कैलास लेणं पाहून, डबा खाऊन परत येतात. यंदा शिक्षकांनी त्यांना दहाव्या लेण्यातल्या चैत्यात आणि बत्तिसाव्या इंद्रसभेत दहा-दहा मिनिटं तरी बसवावं. पालकांकडून सहलीचं संमतीपत्र भरून घेताच. त्यात एवढं वाढवा की मुलांना विहार, दर्गा, गुरुद्वारा, देऊळ दाखवलं जाईल, आणि कुठेही हात जोडण्याची सक्ती नसेल. आणि पालकांनो, त्या कागदावर सही करा.