बाळाची सर्दी आईच्या ताटातून येत नाही, आपल्या रुमालातून येते

ही पोस्ट काही नातेवाइकांना लागेल. लागू दे. त्यातला पहिला आरोपी मी स्वतःच आहे, त्यामुळे कुणी फोन करून "आम्हालाच का बोललास" असं विचारू नये.

गौरी-गणपतीत लेकीच्या बाळाचं बारसं केलं. पहिलं बाळंतपण माहेरी, इथे कराडला. बाराव्या दिवशी जमलं नव्हतं. म्हटलं, गौरीजेवणाला सगळे येणारच आहेत, त्यातच उरकून टाकू. बाळ सहा आठवड्यांचं. साठ-सत्तर माणसं आली. जो आला त्याने बाळ हातात घेतलं, गालाला गाल लावला, मुका घेतला. मला दोन दिवसांपासून सर्दी होती. पण मी आजोबा ना! रुमालाने नाक पुसलं आणि त्याच हाताने बाळाची हनुवटी धरली. त्याचा फोटो आहे. याच वॉलवर टाकला होता, तुमच्यापैकी कित्येकांनी त्याला लाइक दिलंय.

पाचव्या दिवशी बाळाचं नाक वाहायला लागलं. आठव्या रात्री श्वास असा चालायला लागला की अंगावरचं दुपटं थरथरताना दिसत होतं. दर श्वासाला बरगड्यांखाली खड्डा पडायचा. अंगावर घेतलं की दोन घोट ओढायचं आणि सोडून धापा टाकायचं. पहाटे तीनला दवाखान्यात नेलं. ऑक्सिजन, दुधासाठी नाकातून नळी, पाच दिवस मुक्काम. तपासणीत आरएसव्ही नावाचा विषाणू निघाला, आणि आजाराचं नाव ब्राँकिओलायटिस.

आता खरा मुद्दा. दवाखान्याच्या बाहेरच्या बाकड्यावर नातेवाइकांची कोर्टकचेरी सुरू झाली. "ताकभात खाल्ला असेल हिने." "केस धुतले होते की गौरी येणार त्या दिवशी." "केळं खाताना मी बघितलं होतं." "फॅन लावून झोपते, सांगून ऐकत नाही." माझी लेक समोर बसलेली. सहा आठवड्यांची बाळंतीण, रात्रभर जागी, मूल काचेपलीकडे. आणि ती मान खाली घालून हे सगळं खरं मानायला लागली होती. तेवढ्यात डॉक्टर बाई बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "घरात सर्दी-खोकला कुणाला होता?" सगळे गप्प. मीही गप्प. रुमाल खिशातच होता.

ती कबुली मी आज इथे देतोय. विषाणू माझ्याकडूनच गेला असं छातीठोक कुणीच सांगू शकणार नाही, त्या दिवशी शिंकणारे आणखी चार होते. पण ताकभातातून गेला नाही, हे मात्र छातीठोक सांगता येतं.

हा आजार नेमका काय आहे ते मला डॉक्टर बाईंनी कागदावर चित्र काढून समजावलं. आपल्या फुप्फुसात श्वासनळ्यांना फांद्या फुटत जातात, शेवटच्या फांद्या अगदी बारीक. विषाणूमुळे त्या आतून सुजतात आणि चिकट कफाने भरतात. आपली नळी मोठी, आपल्याला फक्त सर्दी होते. सहा आठवड्यांच्या बाळाची नळी मुळातच इतकी बारीक की थोडी सूज आली तरी वाट बंद. म्हणून तोच विषाणू मला दोन दिवस नाक पुसायला लावतो आणि नातवाला ऑक्सिजनवर नेतो. तो शिंकेतून जातो, मुक्यातून जातो, हातातून जातो. टेबलावर, खेळण्यावर, दाराच्या कडीवर काही तास जिवंत राहतो. म्हणजे "मी लांबूनच बघितलं, फक्त बोट धरलं" हेही पुरेसं आहे.

हे काही आमच्या एका घराचं रडगाणं नाही. २०१९ सालच्या जागतिक अंदाजानुसार पाच वर्षांखालची सुमारे ३६ लाख मुलं त्या एका वर्षात या विषाणूमुळे दवाखान्यात भरती झाली आणि १ लाखाहून जास्त दगावली. एक महिना ते सहा महिने या वयात जगात जितकी मुलं जातात, त्यातल्या दर २८ मागे एकाचा मृत्यू याच्यामुळे होतो. आणि यातले जवळजवळ सगळे मृत्यू आपल्यासारख्या गरीब आणि मध्यम देशांतले. मेळघाटात २०१६ ते २०१८ या काळात दोन वर्षांखालच्या मुलांचा गावोगावी अभ्यास झाला. घरीच दगावलेल्या मुलांचेही नमुने तपासले, आणि त्यात हा विषाणू सापडला. ती मुलं कुठल्या दवाखान्याच्या रजिस्टरात नव्हती. घरच्यांनी काय म्हटलं असेल? छाती भरली, बाळ गेलं. आणि बहुतेक आईलाच बोल लावला असेल.

आता "आमची पोरं अशीच वाढली" वाले येतील. आले की त्यांना एवढंच विचारा, तुमच्या आजीला किती मुलं झाली आणि किती जगली? माझ्या आजीला नऊ झाली, जगली पाच. उरलेल्या चौघांची नावंसुद्धा आज घरात कुणाला सांगता येत नाहीत.

आणि परंपरेचंच म्हणाल तर ती आपण पाळतो तरी कुठे? जुन्या काळी सोयर पाळायचे. बाळ-बाळंतीण वेगळ्या खोलीत, सव्वा महिना बाहेर पडायचं नाही, ज्याने-त्याने उचलायचं नाही. त्यामागचा विटाळाचा विचार मला मान्य नाही, बाईचा त्यात अपमानच होता. पण अनायासे त्या नाजूक जिवाला गर्दीपासून आडोसा मिळायचा. आपण काय केलं? विटाळ मनात तसाच ठेवला, आडोसा तेवढा काढून टाकला. सहाव्या आठवड्यात हॉल, साउंड आणि फोटोग्राफर. आणि परंपरा म्हणून जपलं काय, तर शेगडी! खिडक्या बंद, दार बंद, खोलीत निखारे, त्यावर ओवा आणि बाळंतशेपा टाकून धुरी. धूर हा या आजाराचा सख्खा भाऊ आहे, मग तो धुरीचा असो, चुलीचा, अगरबत्तीचा, नाहीतर आमच्या साडूंच्या विडीचा. गॅलरीत ओढून आत येतात आणि त्याच शर्टावर बाळ घेतात. शेक द्यायचाच असेल तर आईच्या कमरेला गरम पाण्याच्या पिशवीने द्या. बाळाच्या खोलीची एक खिडकी उघडी ठेवा. नाकात तेल सोडू नका, ते थेट फुप्फुसात उतरू शकतं. तोंडाने फुंकर मारून नाक मोकळं करणाऱ्या सुइणींना तर माझा साष्टांग नमस्कार, पण लांबूनच.

औषधांचंही तेच. आपण दवाखान्यात जातो आणि डॉक्टरने "औषध नाही, दूध पाजत राहा, लक्ष ठेवा" म्हटलं की आपल्याला फसवल्यासारखं वाटतं. मग दुसरा डॉक्टर, मग मेडिकलवाला. हा विषाणू आहे, अँटिबायोटिकने तो मरत नाही. वाफेच्या मशीनमधून दिली जाणारी दम्याची औषधंही यात बहुतेक बाळांना उपयोगी पडत नाहीत, असं अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ पासून लिहून ठेवलंय. खरा उपचार साधा आहे: नाक साफ करणं, थोडं थोडं वारंवार दूध, आणि गरज पडली तर ऑक्सिजन. खोकल्याचं औषध तर घरात ठेवूसुद्धा नका. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात छिंदवाड्याची लहान मुलं विषारी खोकल्याच्या औषधाने गेली, त्यातल्या कित्येकांनी आपल्या नागपुरात प्राण सोडले. त्यानंतर केंद्राने पुन्हा बजावलं, दोन वर्षांखाली सर्दी-खोकल्याची औषधं देऊ नका. तरी कुठल्याही मेडिकलमध्ये जा आणि "दोन महिन्यांच्या बाळाला खोकला आहे" म्हणा. बाटली मिळते की नाही बघा.

हे सगळं मी स्लॅबच्या घरात, वेगळी खोली असलेल्या माणसांना उद्देशून लिहितोय, याची मला जाणीव आहे. आता ऊसतोड टोळ्या येतील. कोपीत चूल, शेजारी बाळ, आई पहाटे फडात. तिला मी काय सांगू, खिडकी उघडी ठेव म्हणून? तिथे सरकारने उत्तर द्यायचं असतं. आणि सरकारबद्दल बोलायचं तर हिशेब अगदी सोपा आहे. दवाखान्यात बाळंतपण झालं की आशाताई बाळाला बघायला ४२ व्या दिवसापर्यंत सहा वेळा घरी येते. त्यानंतरची तिची ठरलेली भेट तिसऱ्या महिन्यात. बाळाला या आजाराचा सगळ्यात मोठा धोका जेव्हा असतो, नेमकी तेव्हाच मधली जागा रिकामी! पण त्याच काळात सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्याला लसीसाठी आई बाळाला घेऊन स्वतःहून केंद्रावर येते. तिथे पाच मिनिटं तिला श्वास मोजायला शिकवा. बाळ शांत असताना पूर्ण एक मिनिट पोट वर-खाली होताना मोजायचं. दोन महिन्यांच्या आत ६० किंवा जास्त, त्यापुढे वर्षापर्यंत ५० किंवा जास्त, तर थांबायचं नाही. बरगड्यांखाली खड्डा, निम्म्यापेक्षा कमी दूध, लंगोट कोरडा, ओठ निळे, श्वास मध्येच थांबणं, यातलं एक जरी दिसलं तरी रात्र असो की अमावस्या, निघायचं. सुरुवातीच्या सर्दीवरून फसू नका, हा आजार साधारण तिसऱ्या ते पाचव्या दिवशी जोर धरतो. आमच्याकडे हे एकालाही माहीत नव्हतं. माहीत असतं तर आम्ही संध्याकाळीच निघालो असतो, पहाटे तीनची वाट बघितली नसती.

आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात लहान बाळाच्या पायाला लावता येईल असा ऑक्सिजन मोजायचा क्लिप आहे का, हे तुमच्या जिल्हा परिषद सदस्याला विचारा. गटारीच्या आणि रस्त्याच्या कामाचं विचारता ना, तसंच.

यावर आता लसही आली आहे. गरोदरपणाच्या २८ व्या आठवड्यापासून आईला दिली की संरक्षण बाळ पोटातूनच घेऊन येतं. ब्रिटनने ती सप्टेंबर २०२४ पासून सगळ्या गरोदर बायकांना मोफत सुरू केली. दुसरा मार्ग म्हणजे बाळालाच एक इंजेक्शन, तयार प्रतिपिंडांचं. स्पेनच्या गॅलिसिया प्रांताने २०२३ मध्ये ते सरसकट दिलं आणि या विषाणूमुळे होणारी तान्ह्या बाळांची भरती ८० टक्क्यांहून जास्त घटली. जागतिक आरोग्य संघटनेने २०२५ मध्ये सांगितलं की दोन्हींपैकी एक तरी प्रत्येक देशाने आणावं. आपल्या सरकारी लसीकरणाच्या यादीत दोन्ही नाहीत. जगाला लशी पुरवणारा सगळ्यात मोठा कारखाना आपल्या पुण्यात आहे, आणि मेळघाटातल्या बाईला "छाती भरली" एवढंच निदान. याचा राग कुणाला येतो का? आरोग्याच्या प्रश्नावर आपल्याकडे मोर्चा निघाल्याचं शेवटचं कधी बघितलं?

नातू घरी आलाय. खोकला तीन आठवडे रेंगाळला, आता दूध नीट ओढतो. लेकीची माफी मी त्या बाकड्यावर नाही, घरी आल्यावर मागितली. ती म्हणाली, "बाबा, तेव्हा सगळ्यांसमोर बोलला असतात तर." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, म्हणून हे लिहितोय.

दारावर पाटी लावली आहे: सर्दी-खोकला असलेल्यांनी बाळाला खिडकीतून बघावं. बाकीच्यांनी आधी साबणाने हात धुवावेत. मुका कुणीही घेऊ नये. थोरला नातू शाळेतून आला की आधी मोरीत, मग बाळाकडे. परवा आत्याबाई आल्या, नाक लाल, पाटी वाचली आणि फणकाऱ्याने म्हणाल्या, "आम्ही काय आता अस्पृश्य झालो?" मी म्हटलं, चार दिवस. खिडकीतून बघितलं, आणलेलं झबलं पायरीवर ठेवलं आणि चहा न घेता गेल्या. झबलं धुवून घातलं. जरा मोठं होतंय, पण दिवाळीपर्यंत बसेल.