वंश की ताट?



एकाच घरातील दोन भावांचे पाय ताठरले, काठीवाचून चालणे अशक्य झाले, की लोक म्हणतात, ‘घराण्यातच दोष आहे.’ मग त्या घराशी सोयरीक टाळली जाते. मज्जासंस्थेच्या काही विकारांत हा तर्क खरा असतो. हंटिंग्टन रोगात पीडित माता वा पित्याचे सदोष जनुक प्रत्येक अपत्यात उतरण्याची शक्यता निम्मी असते. पार्किन्सनमध्ये बहुधा वय, अनुवंश आणि कीटकनाशकांसारखे बाह्य घटक एकत्र येतात. लॅथिरिझम मात्र वंशातून नव्हे, अन्नातून येतो. भावांचे रक्त एक असते, तसे ताटही एकच असते.

करडीसह भंडाऱ्याच्या धानपट्ट्यात लाखोळी सर्वपरिचित आहे. धान कापण्यापूर्वी ओल्या बांधीत बी फेकले की वेगळे पाणी न देता पीक येते. दुष्काळात गरिबाला तीच तारते आणि तीच घात करते. तिच्यातील ओडॅप हे द्रव्य मेंदूकडून पायांकडे आज्ञा नेणाऱ्या चेतापेशींना इजा करते. भारतीय संशोधकांनी ते १९६४ मध्ये ओळखले. इतर धान्यांसोबत अधूनमधून खाल्ल्यास सहसा बाधा होत नाही. दोन-तीन महिने तीच मुख्य अन्न झाली की धोका वाढतो. एकदा आलेला पांगळेपणा बहुधा जात नाही.

१९६१ मध्ये तिच्या विक्रीवर बंदी आली, तरी तूरडाळीत व बेसनात तिची भेसळ होतच राहिली. नागपूरचे डॉ. शांतिलाल कोठारी यांनी ही बंदी उठावी म्हणून दीर्घ लढा दिला. रायपूरच्या कृषी विद्यापीठाने ‘प्रतीक’ व ‘महातिवडा’ हे अल्प ओडॅपचे वाण दिले. डाळ भिजवून, उकळून पाणी टाकल्यानेही विष कमी होते. परंतु हे सारे उपाय खाणाऱ्याला आपण काय खातो हे ठाऊक असेल तरच उपयोगी पडतात.

नेमके येथेच आपल्या पेढीचे उत्तरदायित्व सुरू होते. तत्त्वार्थसूत्रात अचौर्य अणुव्रताच्या अतिचारांत ‘प्रतिरूपक व्यवहार’, म्हणजे अस्सलात नकली मिसळणे, सांगितला आहे. तुरीच्या भावात लाखोळी विकणारा ग्राहकाचे धन घेतोच, शिवाय त्याची निवडही हिरावून घेतो.

जनुके कोणाच्या हाती नाहीत. तराजू मात्र आपल्या हाती आहे. आणि एखाद्या घरास वंशदोषी ठरविण्यापूर्वी एवढे विचारावे : त्या घरात काय शिजत होते, आणि ते कोणी विकले होते?