ढगाला लाल रंग कोणी दिला?

बालदोस्तांनो, टीव्हीवर किंवा मोबाइलवर पावसाचे रडारचित्र तुम्ही पाहिले असेलच. नकाशावर निळे, हिरवे, पिवळे डाग आणि मधेच एखादा लालभडक ठिपका! पण खिडकीतून बघावे, तर ढग आपले काळे-करडेच. मग हे रंग आले कुठून?

रंग रडारला दिसतच नाहीत, बरं का! रडार आकाशात रेडिओ लहरी सोडते. त्या पावसाच्या थेंबांवर, गारांवर आपटून परत येतात. परत आलेली लहर किती जोरदार, ते रडार मोजते. त्या मापाचे नाव डीबीझेड. हे माप १० ने वाढले की परावर्तन १० पट झाले असे समजायचे. म्हणजे ६० चा ढग ४० च्या ढगापेक्षा दीडपट नव्हे, तर १०० पट जोराने लहर परत पाठवतो! थेंबाची जाडी दुप्पट झाली, तर परावर्तन ६४ पट होते. आहे की नाही गंमत?

तर रडारकडून येतात ते नुसते आकडे. हजारो आकडे भराभर वाचणार कोण? म्हणून संगणकाला एक रंगतक्ता देतात. तक्त्याच्या प्रत्येक ओळीत आधी डीबीझेडचा आकडा आणि पुढे लाल, हिरवा, निळा यांचे ० ते २५५ पर्यंतचे माप. ‘४० – २५५, २५५, ०’ असे लिहिले, की ४० चा ढग पिवळाधमक! काही सॉफ्टवेअरमध्ये हा तक्ता आपला आपण बनवता येतो.

आता चांदवडचेच बघा. तिथल्या रंगमहालाच्या भिंतींवर जुनी चित्रे आहेत. ती काढणार्‍या चितार्‍याला हवा तो रंग घ्यायची मुभा असेल. रंगतक्ता करणार्‍याला मात्र जपून रंग निवडावे लागतात. मार्च-एप्रिलमध्ये या भागात उन्हाळ कांदा काढणीला येतो, द्राक्षांचे घड वेलीवर असतात. अशा वेळी साधी सर वेगळी आणि गारपीट वेगळी! ५५-६० च्या आसपास आकडा गेला, की गारांची शंका घ्यायची. ताडपत्री शोधायची ती तेव्हाच.

हे नीट कळावे म्हणून वहीत २५ चौकटी आखा आणि आकडे भरा :

१८ २५ ३२ २५ १५
२२ ३८ ४७ ३५ २०
२८ ४६ ५८ ४९ २६
२० ३४ ४४ ३३ २२
१५ २१ ३० २४ १६

तक्ता पहिला : २० च्या खाली कोरे, २० पासून निळा, ३० पासून हिरवा, ४० पासून पिवळा, ५० पासून लाल.
तक्ता दुसरा : २० च्या खाली कोरे, बाकी सगळे लाल.
तक्ता तिसरा : ४० च्या खाली निळा, वर सगळे लाल.

एकच ढग तीनदा रंगवा. पहिल्यात एकच चौकट लाल होईल, नेमकी गारांची. दुसर्‍यात तब्बल २१ चौकटी लाल! रोज असे चित्र दाखवले तर ‘लांडगा आला रे आला’सारखी गत होईल. तिसर्‍यात लाल चौकटी ५, पण गारा त्यातल्या कुठल्या, सांगा पाहू? आकडे तेच, ढग तोच. फसवले ते आपल्या तक्त्याने.

म्हणून रडारचित्र बघताना आधी कडेची रंगपट्टी वाचायची. आणि हो, हवामान खात्याचा ‘रेड अलर्ट’ म्हणजे रडारवरचा लाल नव्हे. हिरवा, पिवळा, नारिंगी, लाल हे इशारे अंदाजावरून देतात.

आणखी एक. मुंबईत कुलाबा आणि वेरावली इथे रडारे आहेत. तिथून चांदवड सरळ रेषेत साधारण २०० किलोमीटर. पृथ्वी गोल असल्याने रडारची लहर चांदवडवर पोहोचेपर्यंत जमिनीपासून चार किलोमीटर किंवा त्याहून उंच गेलेली असते. तिच्या खालचा पाऊस तिला दिसणार कसा? तेव्हा चित्र कोरे दिसले, तरी एकदा अंगणात येऊन आभाळाकडे बघाच!

आता तुमचा तक्ता तुम्ही करा. वर्गातल्या एखाद्याला लाल आणि हिरवा यांतला फरक चटकन कळत नसेल. काही मुलांचे तसे असते, त्यात चिडवण्यासारखे काही नाही. त्यालाही गारांची चौकट लगेच सापडेल, असे रंग शोधा. फिकट पिवळ्यापासून गडद निळ्यापर्यंत जाऊन बघा. त्याने बोट बरोबर ५८ वर ठेवले, की तुमचा तक्ता पास!

बराय तर, भेटू पुढच्या आठवड्यात.